आधी सांगा, ब्राह्मी कुठली?

प्रश्न निपाणीहून आला आहे. मूळ प्रश्न लांबलचक होता, त्यातला गाभा एवढा: आईंचं वय ६९. गेल्या आठ-नऊ महिन्यांत विसरणं वाढलंय. आमटीत मीठ दोनदा पडतं, गॅस चालूच राहतो, मध्यंतरी बाजारातून येताना ओळखीची गल्ली चुकली. बीपी, शुगर आणि थायरॉईडच्या गोळ्या चालू आहेत, आणि दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट टाकल्यापासून रक्त पातळ करणारी गोळीही. पुण्याच्या नातेवाइकांनी कॅप्सूलची एक बाटली आणून दिलीय. त्यात ब्राह्मी, अश्वगंधा, हळदीचा अर्क आणि गिंको. बाटलीवर लिहिलंय ‘मेंदूच्या पेशींचे संरक्षण व पुनर्निर्मिती’. शिवाय शेजारच्या काकू परसातली ब्राह्मी आणून देतात, तिची चटणी आई रोज खातात. विचारणा अशी की यानं मरत चाललेल्या पेशी वाचतील का, आणि वाचणार असतील तर बाकीच्या गोळ्या हळूहळू कमी करता येतील का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दाचं आहे. नाही. एकही गोळी स्वतःहून कमी करू नका, रक्त पातळ करणारी तर मुळीच नाही. आणि ती बाटली तूर्त उघडू नका, उघडली असेल तर बाजूला ठेवा. का ते खाली सांगतो.

मी आयुर्वेदाचा वैद्य. बेळगावजवळच्या खानापुरात तीसेक वर्षं दवाखाना चालवतोय, काढे-चूर्णांवरच माझं घर चालतं. त्यामुळे झाडपाल्याच्या विरुद्ध बोलून मला काही मिळत नाही, उलट दोन पेशंट कमीच होतात. तरीही जे दिसलं आणि जे वाचलं ते तसंच सांगतो.

सुरुवात काकूंच्या चटणीपासून करू. आमच्या तालुक्यात मराठी, कन्नड आणि गोव्याकडची कोंकणी एकाच बसमध्ये बोलली जाते, आणि झाडांची नावं त्या बसमध्ये एकमेकांच्या जागेवर बसतात. एका जुलैत जांबोटीकडची एक आजी दवाखान्यात आली. प्लास्टिकच्या पिशवीत ओला पाला, मुळांना अजून चिखल. म्हणाली, “डाक्टर, नातवाला ब्राह्मी द्यायची हाय, दहावीला हाय न्हवं. ही बरोबर हाय का बघा की.” मी पिशवी टेबलावर पालथी केली, तर आत दोन वेगवेगळ्या वनस्पती निघाल्या. एक विहिरीजवळची, एक भाताच्या बांधावरची. आजीच्या लेखी दोन्ही ब्राह्मी. सुनेच्या माहेरी कन्नड बोलतात, तिच्या लेखी एक ब्राह्मी आणि दुसरी नुसतं गवत.

पहिली होती ती कन्नडमधली ओंदेलगा. ओंदु म्हणजे एक, एले म्हणजे पान. कोंकणीतलं एकपानी नावही त्याच अर्थाचं. संस्कृतात मंडूकपर्णी, शास्त्रज्ञांच्या भाषेत सेंटेला एशियाटिका. जमिनीवर सरपटत जाते. लांब देठावर गोलसर, एका बाजूनं खाच असलेलं पान, कडेला बारीक दाते. कर्नाटकात बहुतेक घरांत हिलाच ब्राह्मी म्हणतात, आणि भाजीवाल्या बायका ब्राह्मी म्हणून जी जुडी देतात तीही हीच. दुसरी होती जलब्राह्मी, म्हणजे बॅकोपा मोनिएरी. पान नखाएवढं, मांसल, समोरासमोर जोडीनं. फूल बारीक, पांढुरकं-जांभळट. पाण्याच्या काठानं, चिखलात वाढते. सरकारी आयुर्वेदिक औषधकोशात ब्राह्मी म्हणून नोंद आहे ती हिची. ओळखायची सोपी खूण सांगू का? चावून बघा. जलब्राह्मी कडूजार, तोंड वाकडं होतं. ओंदेलगा तुरट, थोडीशी कडवट, खोबऱ्याबरोबर सहज खपते. तुमच्या आई रोज आवडीनं चटणी खातात म्हणजे ती ओंदेलगाच असणार. तुमच्या बाटलीतली ब्राह्मी मात्र बहुधा बॅकोपा असेल. म्हणजे एकाच नावाच्या दोन औषधांची तुलना तुम्ही नकळत करताय, आणि दोघींची रसायनं वेगळी आहेत.

दोन्ही बुद्धीला चांगल्या मानल्या गेल्यात, हे खरं. चरकसंहितेत मेध्य रसायनं म्हणून चार सांगितलीत: मंडूकपर्णीचा रस, ज्येष्ठमधाचं चूर्ण दुधातून, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे वाटून केलेला गोळा. नीट बघा, त्या चौघांत मंडूकपर्णी आहे, म्हणजे आपली चटणीवाली. ‘मेध्य’ म्हणजे मेधेला हितकर. म्हणजे ग्रहण करणं, धरून ठेवणं, वेळेला आठवणं. पेशी हा शब्द तिथं नाही, असणारही नाही. तो शब्द बाटलीवर चिकटवला गेला अलीकडे, आणि माझी खरी तक्रार तिथंच आहे. चरकानं जे म्हटलं नाही ते चरकाच्या नावावर खपवायचं, आणि प्रयोगशाळेनं जे उंदरात पाहिलं ते आईंच्या मेंदूत झालं असं सांगायचं.

जलब्राह्मीवर माणसांमध्ये बरे अभ्यास झालेत. आपल्याकडे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं तिचा प्रमाणित अर्क तयार केला. ऑस्ट्रेलियात २००१ साली निरोगी लोकांवर आणि अमेरिकेत २००८ साली ६५ वर्षांवरच्या ५४ जणांवर चाचण्या प्रसिद्ध झाल्या. दोन्हीकडे रोज ३०० मिलिग्रॅम अर्क, १२ आठवडे. अमेरिकेतल्या चाचणीत शब्दांची यादी ऐकवून काही वेळानं आठवायला सांगितली, तेव्हा अर्क घेणाऱ्यांना जरा जास्त शब्द आठवले. त्रास झाला तो मुख्यतः पोटाचा. मळमळ, जुलाबासारखं होणं. माझ्या पेशंटांतही हेच दिसतं. उपाशीपोटी घेतली की हमखास. आता यातून काय निघतं? निरोगी माणसाची आठवण १२ आठवड्यांनी थोडी सुधारते. हे काही कमी नाही. पण ते लोक विस्मृतीचे रोगी नव्हते, कुणाच्या पेशी मोजल्या नव्हत्या, आणि तीन महिन्यांत पेशी मरायची थांबली की नाही हे कळतही नाही. आठवण तल्लख होणं आणि पेशी वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विहिरीवर जादा हॉर्सपॉवरची मोटर बसवली म्हणून झरा वाढत नाही.

मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशी सतत नव्या होतात तशा या होत नाहीत. मेल्या त्या बहुतेक गेल्याच. म्हणून बाटलीवरचा ‘पुनर्निर्मिती’ हा शब्द पेनानं खोडून टाका. राहिलं ‘संरक्षण’. हा दावा येतो कुठून? काचेच्या बशीत चेतापेशी वाढवतात, त्यांच्यावर त्रासदायक रसायन सोडतात, आणि मग वनस्पतीचा अर्क टाकून किती पेशी जगल्या ते मोजतात. यात खोटं काही नाही. पेशी खरंच वाचतात. हळद वाचवते, ब्राह्मी वाचवते, आवळा वाचवतो, डाळिंबाचं साल वाचवतं. बशीत जवळजवळ सगळेच हीरो असतात. पण बशीला पोट नसतं, यकृत नसतं, आणि मुख्य म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यामधला तो अडसर नसतो, जो बहुतेक परक्या रसायनांना दारातूनच परत पाठवतो.

हे फक्त झाडपाल्याचं दुखणं नाही, ॲलोपथीवाल्यांनीही इथंच मार खाल्लाय. पक्षाघातात पेशी वाचवण्यासाठी प्रयोगशाळेत तपासलेल्या उपायांची मोजदाद २००६ साली कुणीतरी चिकाटीनं केली. ती निघाली १,०२६. उंदरात कितीतरी यशस्वी, आणि तोवर माणसाच्या मेंदूतल्या पेशी वाचवणारं औषध म्हणून त्यांतलं एकही जगभर रुळलेलं नव्हतं. एवढ्या मोठ्या कंपन्या, एवढा पैसा ओतून जिथं अडकल्या, तिथं एक कॅप्सूल सहज पोचली असं कुणी म्हणालं तर मी पुरावा मागणारच.

हळदीचं बघा. पलीकडे सांगलीची पेठ, अलीकडे चिकोडी-रायबागकडची शिवारं, आपल्या भागाला हळदीचं कौतुक जन्मजात. तिच्यातला करक्युमिन हा घटक बशीत फार देखणं काम करतो. अडचण अशी की तो आतड्यातून रक्तात जातच नाही धड. बेंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये १९९८ साली दाखवलं गेलं की मिऱ्यातल्या पिपरीनबरोबर दिला तर माणसात त्याचं शोषण वीसपट होतं. तेव्हापासून बऱ्याच कॅप्सूलमध्ये मिरी आली. पण जवळपास शून्याची वीसपट किती होते, हेही विचारावं. आता घरचा हिशेब करू. हळदीत करक्युमिन साधारण तीन टक्के. अर्धा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम हळद दुधात घातली तर करक्युमिन पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या आसपास. अल्झायमरच्या ३६ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीत रोज दोन किंवा चार ग्रॅम करक्युमिन दिलं, २४ आठवडे; २०१२ साली निकाल आला, फरक पडला नाही. दोन ग्रॅम करक्युमिन म्हणजे दिवसाला पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद. एवढी तर आपण हळदीच्या समारंभातही नवऱ्या मुलाला लावत नाही. पुढे ४० जणांवर, ज्यांना विस्मृतीचा रोग नव्हता, जास्त शोषण होणाऱ्या करक्युमिनचा १८ महिन्यांचा एक अभ्यास झाला आणि त्यात स्मरणशक्ती सुधारलेली दिसली. छोटा अभ्यास आहे, पण आहे. मी तो लपवत नाही. दुसरी बाजूही लपवत नाही: जास्त शोषण होणाऱ्या या हळद-मिरीच्या कॅप्सूलनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी वाढल्यात. आमटीतली हळद निर्धोक आहे, फक्त रंग फार भडक दिसला तर घेऊ नका. शिशाचं पिवळं रसायन मिसळतात काही ठिकाणी, आणि शिसं हे मेंदूचं थेट विष आहे. पेशी वाचवायला खाल्लेल्या हळदीतून शिसं पोटात गेलं तर काय म्हणायचं!

अश्वगंधेवरचा एक अभ्यास मला मनापासून आवडतो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातल्या मंडळींनी २०१२ साली तो प्रसिद्ध केला. अल्झायमरसारखा रोग उत्पन्न केलेल्या उंदरांना तीस दिवस अश्वगंधाच्या मुळाचा अर्क तोंडावाटे दिला, तर मेंदूतला अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा गाळ कमी झाला आणि वागणं सुधारलं. गंमत म्हणजे हे काम मेंदूत झालं नाही, यकृतात झालं. यकृतातलं एक प्रथिन वाढलं आणि त्यानं रक्तातून तो गाळ ओढून घेतला. विकार एकीकडे आणि उपचार दुसरीकडे, हे वाचून माझ्यासारख्या वैद्याला आनंद होणारच. पण उंदीर तो उंदीर. उंदरांतला अल्झायमर आजवर कितीतरी औषधांनी बरा केलाय. आणि तुमच्या आईंना थायरॉईडची गोळी आहे. अश्वगंधा थायरॉईडचे स्राव वाढवते. गोळीचा डोस रक्त तपासून बेतलेला असतो, त्यावर हे आलं की छातीत धडधड, झोप उडणं, वजन उतरणं सुरू होतं. हृदयात स्टेंट असलेल्या बाईला ही धडधड परवडत नाही. साखरही आणखी खाली जाऊ शकते. यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, क्वचित, पण आहेत. मी स्वतः अश्वगंधा रोज लिहून देतो, अशक्तपणाला, झोपेला. पण थायरॉईडचा कागद बघितल्याशिवाय नाही.

गिंको आपल्याकडचं नाही, चीनचं झाड. त्याचा निकाल सगळ्यात स्वच्छ लागलाय. अमेरिकेत ७५ वर्षांवरच्या ३,०६९ लोकांना १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सरासरी सहा वर्षं दिलं. २००८ साली आकडे आले: विस्मृतीचा रोग टळला नाही. एवढा मोठा आणि एवढा लांब अभ्यास दुसऱ्या कुठल्याच बुद्धिवर्धक वनस्पतीच्या वाट्याला आलेला नाही. त्यात गिंको रक्त गोठण्याच्या क्रियेत ढवळाढवळ करतं, आणि तुमच्या आई रक्त पातळ करणारी गोळी घेतात. बाटली बाजूला ठेवा म्हणालो त्यात हे एक मोठं कारण.

वनस्पती औषध म्हणून खरंच कामाला येते तेव्हा काय होतं, याचंही उदाहरण देतो. खाजकुहिली. भीमगडच्या रानात गुरं चारणाऱ्या पोरांना विचारा, शेंगेवरची लव अंगाला लागली की दोन तास नाचावं लागतं. तिच्या बियांत लेवोडोपा असतं, कंपवाताच्या गोळीत असतं तेच रसायन. भारतीय रसायनशास्त्रज्ञांनीच १९३७ साली ते या बियांतून वेगळं करून दाखवलं, गोळी यायच्या कितीतरी आधी. २००४ सालच्या एका छोट्या चाचणीत, आठच रुग्ण होते, तीस ग्रॅम बियांच्या चूर्णानं गोळीपेक्षा लवकर गुण आला आणि जास्त वेळ टिकला. म्हणजे ही नुसती श्रद्धा नाही, मोजता येणारं औषध आहे. आणि तरीही ती पेशी वाचवत नाही. मेंदूत जे रसायन कमी पडलंय ते बाहेरून पुरवते, रोग आपल्या गतीनं चालू राहतो. कंपवाताचा एक पेशंट माझ्याकडे यायचा, माजी शिक्षक. डॉक्टरांची लेवोडोपाची गोळी चालू, वर कुणीतरी दिलेलं कवचबीज चूर्ण, म्हणजे याच खाजकुहिलीच्या बियांचं, चमचा-चमचा. मान आणि खांदे आपोआप वळवळायला लागले. घरच्यांना वाटलं रोग वाढला, म्हणून चूर्ण वाढवलं. दोन्हीत एकच औषध होतं आणि डोस दुप्पट होत होता, एवढंच. चूर्ण थांबवलं, न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं, आठवडाभरात वळवळ कमी झाली.

शंखपुष्पीबद्दलही सावध करतो, कारण सरबत म्हणून ती पोरांना सर्रास पाजली जाते. आधी तर शंखपुष्पी कुठली हाच घोळ: कुणी विष्णुक्रांत वापरतं, कुणी गोकर्ण. फिट्सच्या रुग्णांना चालणाऱ्या फेनिटॉइन या औषधाची रक्तातली पातळी शंखपुष्पीच्या एका तयार औषधानं खाली येते आणि बंद झालेल्या फिट्स परत येतात, हे १९९२ साली प्रसिद्ध झालंय. माझ्या दवाखान्यात ते मी डोळ्यांनी बघितलंय. कॉलेजातला मुलगा, तीन वर्षं फिट नाही, परीक्षेच्या तोंडावर आईनं प्रेमानं सरबत सुरू केलं. बाकावर बसल्या बसल्या माझ्यासमोर आली त्याला. फिट आली की मेंदूच्या पेशींवर किती ताण पडतो हे वेगळं सांगायला नको.

ज्येष्ठमधही साधं समजू नका; बीपी वाढवतं, अंगातलं पोटॅशियम कमी करतं. गुळवेलीच्या अतिवापरानंतर यकृताला सूज आलेले रुग्ण कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले. ती खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, यावर वाद झाला. पुन्हा तोच प्रश्न, कुठली.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, मग आमच्यातल्या काहींना राग आला तरी चालेल. बुद्धीसाठी म्हणून स्मृतिसागर रसासारखी जी रसौषधं दिली जातात त्यांत पारा असतो, हरताळ आणि मनःशीळ असतात, म्हणजे आर्सेनिकची संयुगं. शास्त्रोक्त शोधन-मारणाच्या, म्हणजे धातू शुद्ध करून त्यांचं भस्म करायच्या, गोष्टी मला शिकवल्या गेल्यात, परीक्षेत त्यावर मार्कही मिळवलेत. पण बॉस्टनमधल्या दुकानांतून २००३ साली घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, आणि आपल्या दुकानांत यापेक्षा सोवळं असेल असं मानायला मला कारण दिसत नाही. शिसं आणि पारा चेतापेशी मारतात. सत्तरीच्या आसपासच्या, विसरायला लागलेल्या माणसाला मी रसौषध देत नाही, बस्स. बिनलेबलची पुडी तर कुणाचीच घेऊ नका, माझ्याकडून मिळाली तरी.

तपासून बघणं म्हणजे परंपरेशी वैर, असं समजायचं कारण नाही. आपल्या बेळगावातच नेहरूनगरला आयसीएमआरची राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आहे. परंपरेतल्या औषधांचं संशोधन हेच तिचं काम.

आता तुमच्या आई. तुमच्या प्रश्नात सगळ्यात कमी जागा त्यांनाच मिळालीय, औषधांना जास्त. विसरणं हे लक्षण आहे, त्याखाली दहा कारणं असू शकतात आणि त्यांतली काही चक्क बरी होणारी असतात. पहिली शंका मला बी-ट्वेल्व्हची येते. तुम्ही घर शाकाहारी आहे असं लिहिलंय, आणि शुगरची गोळी मेटफॉर्मिन असेल तर ती वर्षानुवर्षं घेतल्यानं हे जीवनसत्त्व आणखी घटतं. शाकाहार अधिक मेटफॉर्मिन, म्हणजे रिकाम्या डब्याला खालून भोक. निपाणीकडच्या जैन घरांतल्या कितीतरी आज्या माझ्याकडे ‘डोकं चालत नाही’ म्हणून आल्या, पायाला मुंग्या आणि जिभेला आग ही दुसरी तक्रार. इंजेक्शनं झाल्यावर चार-सहा आठवड्यांत सुना सांगायला लागतात, आता पुन्हा आमच्या चुका काढायला लागल्यात. रोगी सुधारल्याची याहून खात्रीची चाचणी मला माहीत नाही.

दुसरं, मागच्या वर्षभरात त्या पडल्या होत्या का? न्हाणीघरात, उंबऱ्याला अडखळून, अगदी किरकोळ? रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या कवटीखाली हळूहळू रक्त साचू शकतं, टेंगूळही येत नाही, आणि महिन्याभरानं घरच्यांना वाटतं विसरायला लागल्या. सीटी स्कॅनमध्ये दिसतं, वेळेत शस्त्रक्रिया झाली की माणूस परत जागेवर येतो. अशा बाईला गिंको दिलं असतं तर?

थायरॉईडची तपासणी गेल्या सहा महिन्यांत झाली नसेल तर करा. सोडियम बघा, बीपीच्या काही गोळ्यांनी ते उतरतं आणि माणूस भ्रमल्यासारखं वागतो. रात्री झोपेची गोळी चालू आहे का, सर्दी-खाजेची गोळी रोज घेतात का, लघवी धरून राहावी म्हणून काही दिलंय का? यांतल्या बऱ्याच गोळ्या म्हाताऱ्या माणसाची आठवण झाकोळतात. साखर मध्येच फार खाली जाते का? ऐकू कमी येतं का? टीव्हीचा आवाज कुणी वाढवला ते बघा. आणि मन कसं आहे? घरात कुणी गेलंय का अलीकडे? हे सगळं बघून झाल्यावर मग न्यूरॉलॉजिस्टकडे स्मृतीची चाचणी करून घ्या. आणि खरंच अल्झायमर निघाला तर? तर तेही लवकर कळलेलं बरं. त्यातलं एक औषध, गॅलँटामिन, मूळचं एका फुलझाडाच्या कंदातलंच आहे. तेही आठवणीला टेकू देतं. रोग थांबवत नाही.

आणखी एक विचारतो, राग मानू नका. आई मिश्री लावतात का? निपाणीची तंबाखू, तव्यावर भाजून केलेली मिश्री, ती डबी आमच्या पिढीच्या आयांच्या कनवटीला असते आणि डॉक्टरांपुढे कुणी काढत नाही. ‘तंबाखू खाता का’ विचारलं तर ‘नाही बाई’ म्हणतात, आणि ते खरंही असतं, कारण मिश्री त्यांच्या लेखी दात घासायची. पण निकोटीन हिरडीतून रक्तात जातंच, नाडी आणि बीपी वाढवतं, आणि बीपी हेच मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या चोंदायचं पहिलं कारण. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ साली चौदा गोष्टी मोजल्या. बीपी, शुगर, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, बहिरेपण, दृष्टी, हालचाल नसणं, एकटेपणा वगैरे. त्या सांभाळल्या तर जगातली जवळपास ४५ टक्के विस्मृती टाळता किंवा पुढे ढकलता येईल असा त्यांचा हिशेब आहे. त्या चौदांत एकही कॅप्सूल नाही. तुम्ही ‘कमी करू का’ म्हणून विचारलेल्या गोळ्या मात्र आहेत. बीपीची गोळी हीच तुमच्या आईंच्या मेंदूच्या पेशींची खरी राखणदार आहे, तिच्यावर पेशींचं चित्र छापलेलं नाही एवढंच.

पेशी वाचवायचा एक प्रसंग असा असतो जिथं मिनिटं मोजावी लागतात: लकवा. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड. मोठी रक्तवाहिनी बंद झाली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन. कणकुंबीसारख्या गावाहून पावसात बेळगावला पोचायलाच त्यातला मोठा वाटा जातो. आणि आपल्याकडे काय करतात, तर अमुक गावी लकव्याचं झाडपाल्याचं औषध मिळतं म्हणून गाडी आधी तिकडे वळवतात. मीही वैद्य आहे, माझ्या दारातही अशा गाड्या थांबल्यात. मी गाडीतून उतरूही देत नाही, इंजिन चालू ठेवा म्हणतो आणि बेळगावच्या मोठ्या दवाखान्याचा रस्ता दाखवतो. तेल, बस्ती, मसाज, काय करायचं ते नंतर आहे, महिनोन्महिने आहे.

राहिली काकूंची चटणी. ती चालू ठेवा. ओंदेलगाची मूठभर पानं, स्वच्छ धुतलेली. गटाराकाठची नको, ही वनस्पती पाण्यातली घाण ओढून घेते. ओलं खोबरं, जिरं, एखादी मिरची, चिंचेचं बोटूक. आठवड्यातून तीन-चार दिवस पुरे, रोज वाटीभर नको. भाजी म्हणून ती चांगलीच आहे, आणि परसातलं पान खुडून पाट्यावर वाटणं हा आईंना हाताशी धरून करायचा उद्योगही आहे. त्यांना वाटू द्या, गप्पा मारा. फक्त मीठ तुम्ही घाला. त्यांच्या हातून सध्या ते दोनदा पडतंय, आणि बीपी आधीच वर आहे.